काशीचे शेवाळ आणि दिल्लीची गोणी

मराठी माणसाचे आणि काशीचे नाते सांगायला बसले की काही नावे आपोआप ओठांवर येतात. १६७४ मध्ये शिवरायांच्या राज्याभिषेकासाठी रायगडावर आलेले गागाभट्ट काशीचे. विश्वनाथाचे मंदिर १७८०च्या सुमारास पुन्हा उभे केले ते अहिल्यादेवी होळकरांनी. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांतल्या गल्ल्यांतून हिंडताना आजही एखाद्या दारावर मराठी आडनाव दिसते आणि महाराष्ट्राबाहेर आयुष्य काढणाऱ्या आपल्यासारख्यांची पावले तिथे क्षणभर थबकतात. आज मात्र मला काशीच्या एका वेगळ्या ऋणाविषयी लिहायचे आहे. ते घाटांवर सापडत नाही. त्यासाठी लंका चौक ओलांडून काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात जावे लागते, आणि तिथून पुढे थेट भाताच्या खाचरात उतरावे लागते.

काही वर्षांपूर्वी खतांच्या वापराच्या एका आढाव्यासाठी मी वाराणसीला गेलो होतो. ऑगस्ट महिना होता. शेजारच्या चंदौली जिल्ह्यात जाणे झाले. हा जिल्हा १९९७ पर्यंत वाराणसीचाच भाग होता, आणि उत्तर प्रदेशात त्याला ‘धान का कटोरा’ म्हणतात. लावणी होऊन दोन-तीन आठवडे झालेले होते. एका खाचराच्या कोपऱ्यात वाऱ्याने ढकलत आणलेला निळसर-हिरवा तवंग जमला होता आणि एक वयस्क शेतकरी तो हाताने ओढून बांधावर टाकत होता. मी विचारले तेव्हा म्हणाला, “काई है साहब, निकालकर फेंक देते हैं.” त्याच बांधावर अर्धी रिकामी झालेली युरियाची गोणी उभी होती.

मी त्या तवंगाचा थोडा नमुना बाटलीत भरून घेतला आणि दुसऱ्या दिवशी विश्वविद्यालयातील एका प्राध्यापकांना दाखवला. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवली आणि मला पाहायला सांगितले. मण्यांच्या माळेसारख्या पेशींच्या साखळ्या दिसत होत्या. दर काही मण्यांनंतर एक मणी वेगळा होता: थोडा मोठा, फिकट, जाड कवचाचा. “हेटेरोसिस्ट,” ते म्हणाले. “हवेतला नत्र पकडण्याचा कारखाना हाच.” नत्र पकडणारे विकर प्राणवायूच्या संपर्कात निकामी होते, म्हणून शेवाळाने त्याच्यासाठी ही बंद खोली बांधली आहे. सगळ्याच काईत हा गुण नसतो, नुसत्या हिरव्या शेवाळाचा तर उपद्रवच होतो, हेही त्यांनी सांगितले. पण माझ्या बाटलीतले शेवाळ कामाचे होते. याचा अर्थ, तो शेतकरी फुकट मिळालेला नत्र बांधावर फेकत होता आणि विकत आणलेला नत्र खाचरात टाकत होता.

त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. परंतु मी परतीच्या प्रवासात हिशेब मांडला तेव्हा लक्षात आले की त्याचे काहीच चुकले नव्हते. चूक दुसरीकडे होती, आणि ती कशी घडत गेली हा सुमारे ऐंशी वर्षांचा प्रशासकीय इतिहास आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शेतीशास्त्रज्ञांना एक कोडे पडले होते. बंगाल, बिहार आणि संयुक्त प्रांतातील कित्येक खाचरांत पिढ्यानपिढ्या भातामागून भात घेतले जात होते. शेणखतही धड पडत नव्हते. तरीही उत्पन्न, थोडे का असेना, टिकून होते. पीक दरवर्षी नत्र घेऊन जाते, मग तो भरून कोण काढतो? अलाहाबादचे नीलरतन धर यांनी सूर्यप्रकाशाने जमिनीत होणाऱ्या प्रक्रियेकडे बोट दाखवले. काहींचा विश्वास जमिनीतल्या जिवाणूंवर होता. बंगालचे पी. के. डे यांनी लंडनमध्ये शैवालतज्ज्ञ एफ. ई. फ्रिट्श यांच्यासमवेत काम करून १९३९ साली रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात उत्तर मांडले: भातखाचरातील नत्राची भर मुख्यतः निळ्या-हिरव्या शेवाळामुळे पडते. साचलेले पाणी, ऊन आणि उष्मा या तीन गोष्टी पिकाला जशा लागतात तशाच शेवाळालाही लागतात. म्हणून दोघे एकाच खाचरात नांदतात.

काशीत या विषयाची भूमी आधीच तयार होती. पंडित मदनमोहन मालवीयांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या विश्वविद्यालयात प्रा. भारद्वाज यांनी शैवालांच्या अभ्यासाची परंपरा सुरू केली होती. त्याच परंपरेतील आर. एन. सिंह यांनी संयुक्त प्रांत आणि बिहारमधील भातखाचरांतली माती गोळा केली, त्यातील शेवाळाच्या जाती वेगळ्या केल्या आणि त्या हवेतील नत्र खरोखर स्थिर करतात हे १९४२ साली दाखवून दिले. यातील एका शेवाळाचे नावच बोलके आहे: ऑलोसिरा फर्टिलिसिमा, म्हणजे अतिशय सुपीकता देणारे.

सिंह एवढ्यावर थांबले नाहीत. उत्तर प्रदेशात लाखो हेक्टर जमीन ‘उसर’ आहे. आपण जिला चोपण म्हणतो तीच. सोडियममुळे माती घट्ट होते, पाणी मुरत नाही, पृष्ठभागावर पांढरा थर येतो आणि गवतही धड उगवत नाही. सिंह यांनी अशा जमिनीभोवती बांध घालून पावसाचे पाणी अडवले. त्या पाण्यात नॉस्टॉकसारख्या शेवाळांचा जाड थर वाढू दिला आणि तो वर्षानुवर्षे मातीत मिसळू दिला. नऊच्या वर असलेला सामू उतरत गेला, सेंद्रिय अंश व नत्र वाढला आणि जिथे काही येत नव्हते तिथे भात उभा राहिला. हे निष्कर्ष १९५० साली ‘नेचर’ या नियतकालिकात आले. पुढे १९६१ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने त्यांचा भारतीय शेतीच्या नत्र-व्यवहारातील शेवाळाच्या स्थानावरचा ग्रंथ प्रकाशित केला. म्हणजे सरकारला हे ज्ञान ठाऊक नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही. ते सरकारी खर्चाने छापलेले होते.

आता दुसरी फाईल उघडू. सिंह यांचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये, बंगालमध्ये लाखो माणसे उपासमारीने मेली. त्याच वर्षी अन्नधान्य धोरणासाठी नेमलेल्या ग्रेगरी समितीने देशात वर्षाला साडेतीन लाख टन अमोनियम सल्फेट तयार करण्याची शिफारस केली. त्यातून सिंदरीचा कारखाना जन्मला. त्याचे उत्पादन १९५१ साली सुरू झाले आणि २ मार्च १९५२ रोजी पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. १९५०-५१ मध्ये संपूर्ण देशाचा रासायनिक खतांचा वापर पोषकद्रव्यांच्या हिशेबाने सत्तर हजार टनांच्या आसपास होता. दुष्काळाच्या छायेत वाढलेल्या त्या पिढीला कारखाना हेच आश्वासन वाटले असेल तर तिला दोष देता येणार नाही. भुकेल्या देशाला ‘थांबा, शेवाळ वाढू द्या’ असे कोण सांगणार?

या दोन फायली काही काळ शेजारी-शेजारी राहू शकल्या असत्या. परंतु १९६६ नंतर बुटक्या, अधिक उत्पन्न देणाऱ्या भाताच्या जाती आल्या. जुन्या उंच जातींना जास्त नत्र दिला की त्या लोळत, त्यामुळे त्यांची भूकच मर्यादित होती. नव्या जाती हेक्टरी १०० ते १२० किलो नत्र पचवून दाणा देत. निळे-हिरवे शेवाळ चांगल्या परिस्थितीत एका हंगामात हेक्टरी २० ते ३० किलो नत्र देते, असा सर्वसाधारण अंदाज आहे. जुन्या भाताच्या संसारात हा आकडा कर्त्या पुरुषाच्या कमाईसारखा होता. नव्या संसारात तो हातभार झाला. हातभार लहान नसतो, पण आकड्यांच्या सभेत त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

यानंतरचे वळण अर्थशास्त्राचे आहे आणि त्यात एक मराठी नाव येते. १९७३ च्या तेलसंकटानंतर खतांच्या किमती भडकल्या. कारखाने चालावेत आणि शेतकऱ्यालाही खत परवडावे, यासाठी काय करावे हे ठरवण्याचे काम शरद मराठे यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे आले. समितीच्या शिफारशींवरून नोव्हेंबर १९७७ पासून ‘रिटेन्शन प्राइस’ योजना सुरू झाली. तिची कल्पना सोपी होती. प्रत्येक कारखान्याचा वाजवी उत्पादनखर्च काढायचा, त्यावर गुंतवलेल्या निव्वळ मालमत्तेच्या १२ टक्के परतावा धरायचा आणि शेतकऱ्याकडून मिळणारी ठरावीक किंमत व हा आकडा यांतील फरक सरकारने भरायचा. अर्थशास्त्रात एम.ए. करताना मी या योजनेचा अभ्यास केला तेव्हा तिची तर्कशुद्धता मला फार आवडली होती. आजही मी तिला वाईट म्हणणार नाही. तिच्यामुळे देशात खतांचे कारखाने उभे राहिले आणि धान्य वाढले.

परंतु प्रत्येक नियम काही गोष्टी पाहतो आणि काहींकडे पाठ फिरवतो. या नियमाला दिसत होती ती गोणी. कारखाना, उत्पादनखर्च, टन, रेल्वेचा वॅगन, विक्रेता, पावती या सर्वांना योजनेत जागा होती. खाचरात आपोआप तयार होणाऱ्या नत्राला ना कारखाना, ना पावती. त्याला अनुदान द्यायचे तर कोणाच्या नावे आणि कोणत्या लेखाशीर्षाखाली? १९९०-९१ पर्यंत खत अनुदान वर्षाला सुमारे ४,४०० कोटी रुपयांवर गेले. १९९१ मध्ये किमती वाढवण्याचा प्रयत्न झाला, विरोधामुळे तो सौम्य करावा लागला. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद व पालाशयुक्त खते नियंत्रणमुक्त झाली, पण युरिया नियंत्रणात राहिला आणि उलट स्वस्त झाला. २०१० मध्ये पोषकद्रव्यांवर आधारित अनुदान आले, त्यातूनही युरिया वगळला गेला. प्रत्येक सुधारणेत युरियाची बाजू अधिक बळकट होत गेली.

या काळात शास्त्रज्ञ गप्प बसले नव्हते. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत जी. एस. वेंकटरामन यांनी शेवाळखत गावातच तयार करण्याची सुटसुटीत पद्धत बसवली. साधारण दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि वीतभर खोल हौद घ्यायचा. त्यात आठ-दहा किलो माती, मूठभर सुपर फॉस्फेट, वर पाणी आणि त्यावर शेवाळाचे विरजण. दोन आठवडे ऊन दिले की वर जाड साय धरते. मग पाणी आटू द्यायचे आणि वाळलेल्या पापड्या गोळा करायच्या. लावणीनंतर आठवडाभराने हेक्टरी दहा किलो पापड्या खाचरात टाकल्या की झाले. हौदात पुन्हा पाणी घातले की पुन्हा साय. घरात दही लावणाऱ्या कोणत्याही बाईला हे तंत्र दोन वाक्यांत कळेल. काशीच्याच शाळेत तयार झालेले पी. के. सिंह कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत गेले आणि तिथे त्यांनी ॲझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्यावर काम केले. ॲझोलाच्या पानात हेच नत्र पकडणारे शेवाळ भाडेकरूसारखे राहते. चीन आणि व्हिएतनाममधील शेतकरी तो शतकानुशतके भातात वापरत आले. (आज महाराष्ट्रात ॲझोला भात उत्पादकांपेक्षा गाई-शेळ्या आणि कोंबड्या पाळणाऱ्यांना अधिक परिचित आहे, हाही एक गमतीचा भाग.)

शासनाने काहीच केले नाही असेही नाही. १९८३ मध्ये जैविक खतांचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. गाझियाबादला मुख्य केंद्र आणि देशात सहा प्रादेशिक केंद्रे निघाली. त्यांतील एक आपल्या नागपूरला होते. पण इथे आमच्या व्यवस्थेचा स्वभाव आडवा आला. आम्हाला गोणीचीच भाषा येत होती, म्हणून आम्ही जिवाणूंचीही गोणी केली. किती टन उत्पादन, किती पाकिटे वाटली, किती प्रात्यक्षिके झाली, याचे टार्गेट ठरू लागले.

इथे माझा स्वतःचा एक अनुभव सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका राज्यात मी अशाच एका योजनेच्या तपासणीला गेलो होतो. मे महिना होता. पत्र्याच्या छपराच्या गोदामात जिवाणू खताची पाकिटे छतापर्यंत रचलेली होती. हात लावला तर पाकीट तापलेले. जिवाणू जिवंत असतील तरच ते खत. अशा उन्हात ते किती दिवस तग धरणार? बऱ्याच पाकिटांवरची मुदतही उलटून गेली होती. कागदोपत्री मात्र वाटप शंभर टक्के झालेले होते, कारण जिल्ह्याच्या गोदामातून तालुक्याच्या गोदामात जाणे म्हणजे वाटप अशी व्याख्या होती. मी प्रश्न विचारला, उत्तर मिळाले, आणि तिमाही अहवालावर मी सही केली. साध्य: शंभर टक्के. त्या शंभर टक्क्यांत युरियाचा एक किलोही वाचला नव्हता. ती सही मला आजही आठवते, कारण त्या पाकिटांवर विश्वास ठेवून ज्याने एकदा पैसे घातले असतील तो शेतकरी पुन्हा कधी त्या वाटेला गेला नसेल. निर्जीव पाकिटाने केवळ पैसे बुडत नाहीत, एका खऱ्या शास्त्राची पत बुडते.

या बोगसगिरीला आळा घालण्यासाठी मार्च २००६ मध्ये जैविक खते १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली आणली गेली. हे आवश्यकच होते. पण त्या पहिल्या यादीत चार नावे होती: रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर, ॲझोस्पिरिलम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू. काशीचे शेवाळ त्यात नव्हते. उसर जमिनींची कथाही अशीच झाली. १९९३ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने उत्तर प्रदेशात जमीन सुधारणेचा मोठा प्रकल्प झाला तो जिप्समच्या आधारे. जिप्सम लवकर गुण देते, त्याची निविदा काढता येते, वाहतुकीचे बिल करता येते. शेवाळाच्या थराचे बिल कसे करणार?

आता त्या चंदौलीच्या शेतकऱ्याचा हिशेब पाहू. शेवाळाने हेक्टरी २५ किलो नत्र मिळतो असे धरू. युरियात ४६ टक्के नत्र असतो, म्हणजे हा नत्र सुमारे ५४ किलो युरियाइतका झाला. २०१८ पासून युरियाची गोणी ४५ किलोची झाली आणि तिची किंमत, कडुनिंबाच्या लेपनाचा खर्च व कर वगळता, २४२ रुपये ठरली. म्हणजे शेवाळ सांभाळून त्याचे वाचणार हेक्टरी २९० रुपये. आणि त्याची जमीन हेक्टरभरही नाही. हौद करणे, विरजण आणणे, पापड्या वाळवणे, पाणी टिकवणे या खटाटोपासाठी ही बचत एका मजुराच्या एका दिवसाच्या मजुरीइतकीसुद्धा धडपणे भरत नाही. तो शेतकरी शहाणा होता.

पण हाच हिशेब सरकारच्या बाजूने मांडला तर चित्र उलटे होते. २०२२ मध्ये जागतिक बाजारात दर चढले तेव्हा याच गोणीची खरी किंमत दोन हजार रुपयांच्या वर गेली होती. २०२२-२३ या वर्षात खत अनुदानाचा खर्च अडीच लाख कोटी रुपयांवर पोहोचला. म्हणजे शेतकऱ्याने सवा गोणी वाचवली तर त्याला मिळतात तीनशे रुपये आणि तिजोरीला वाचतात दोन हजारांहून अधिक. शिवाय भातात टाकलेल्या युरियातला निम्म्याहून अधिक नत्र पिकाच्या तोंडी लागतच नाही. तो हवेत उडतो किंवा पाण्यात झिरपतो. त्याची किंमत तर कोणाच्याच वहीत नाही. कष्ट एकाचे आणि नफा दुसऱ्याचा, अशा व्यवहारात कष्ट होत नाहीत. अर्थशास्त्राचा हा पहिला धडा आम्ही शेवाळाच्या बाबतीत विसरलो.

शास्त्राची बाजूही निर्दोष नाही, हे नमूद करायला हवे. मनिलाजवळच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९८० मध्ये प्रकाशित केलेल्या रॉजर व कुलसूरिया यांच्या ग्रंथात आणि पुढील अभ्यासांत असे आढळले की बाहेरून आणलेले शेवाळ परक्या खाचरात अनेकदा रुजत नाही. तिथल्या मूळच्या जातीच वरचढ ठरतात. गोगलगायी आणि बारीक जलकीटक त्यावर चरतात. स्फुरद कमी असेल तर ते वाढत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाण्यात युरिया फेकून दिला की शेवाळ हवेतला नत्र पकडणे थांबवते; तयार ताट समोर आल्यावर चूल कोण पेटवणार? त्यामुळे ‘अमुक पाकीट टाका आणि खत निम्मे करा’ असा सरसकट आदेश देणे शास्त्राला धरून नव्हतेच. हा प्रश्न पाकिटाचा नसून खाचराच्या व्यवस्थापनाचा होता.

आणि इथेच मला आपल्या कोकणाची आठवण होते. डॉ. नारायण सावंत यांनी विकसित केलेली ‘चारसूत्री’ भात लागवड महाराष्ट्रातील अनेकांना ठाऊक असेल. भाताचे तूस-पेंढा यांचा पुनर्वापर, गिरिपुष्पाचा हिरवा पाला, ठरावीक अंतरावर नियंत्रित लावणी, आणि चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एक ब्रिकेट सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचणे, अशी तिची चार सूत्रे. खोल गेलेला नत्र उडून जात नाही, मुळांना सावकाश मिळतो, म्हणून खत कमी लागते. पण तिचा आणखी एक फायदा आहे, ज्याची चर्चा कमी होते. नत्र चिखलात खोल राहिल्यामुळे वरचे पाणी नत्राविना राहते, आणि अशा पाण्यात शेवाळाचे काम अबाधित चालते. म्हणजे कोकणातली ब्रिकेट आणि काशीचे शेवाळ हे परस्परांचे स्पर्धक नसून जोडीदार आहेत. एक खालून वाढते, दुसरे वरून. ही जोडी मी अजून कोणत्याही योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत पाहिलेली नाही. कारण ब्रिकेट एका विभागाची, शेवाळ दुसऱ्या विभागाचे आणि युरिया तिसऱ्या मंत्रालयाचा.

अलीकडच्या काळात काही चांगल्या गोष्टी घडल्या आहेत. वाराणसीहून फार दूर नसलेल्या मऊ येथे कृषी उपयुक्त सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय ब्युरो आहे. डिसेंबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचे दक्षिण आशिया केंद्र वाराणसीतच सुरू झाले. जून २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम-प्रणाम’ योजनेने प्रथमच एक महत्त्वाचे तत्त्व मान्य केले: जे राज्य रासायनिक खतांचा वापर आधीच्या तीन वर्षांच्या सरासरीपेक्षा कमी करेल त्याला वाचलेल्या अनुदानाचा अर्धा भाग द्यायचा. २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांसाठी ती होती. न विकल्या गेलेल्या गोणीलाही मोल असते, हे मान्य व्हायला मराठे समितीनंतर सेहेचाळीस वर्षे लागली. पण या योजनेतही राज्याला मिळणाऱ्या रकमेतील सत्तर टक्के मालमत्ता उभारणीसाठी आणि तीस टक्के शेतकरी, पंचायती, बचत गट इत्यादींना प्रोत्साहन म्हणून, अशी वाटणी होती. अर्ध्याचे तीस टक्के म्हणजे वाचलेल्या रुपयातले पंधरा पैसे. चंदौलीच्या बांधापर्यंत पोहोचताना त्यातले किती उरावेत?

माझ्या अल्प बुद्धीला तीन गोष्टी सुचतात. पहिली, जैविक खतांच्या योजनांचे मोजमाप पाकिटांत आणि टनांत करणे थांबवावे. गावात किती युरिया कमी लागला आणि उत्पन्न टिकले की नाही, एवढेच मोजावे. विक्रीची नोंद आता यंत्रावर होते, त्यामुळे हे अशक्य नाही. दुसरी, वाचलेल्या अनुदानाचा मोठा हिस्सा इमारतींना न देता गावाला आणि शेतकऱ्याला थेट द्यावा. तिसरी, शेवाळाचे विरजण कारखान्यातून पाठवण्याऐवजी त्याच तालुक्याच्या खाचरांतून घ्यावे आणि त्याचे हौद बचत गटांच्या हाती द्यावेत. शंभर किलोमीटरवरून आलेल्या मेलेल्या पाकिटापेक्षा शेजारणीकडून आणलेले जिवंत विरजण केव्हाही बरे.

यात एक घाईही आहे. पाणी आणि मजुरी वाचवण्यासाठी पूर्व उत्तर प्रदेशातही भाताची थेट पेरणी वाढते आहे. तिचे फायदे निर्विवाद आहेत, पण तिथे साचलेले पाणी राहत नाही आणि पाण्याविना हे शेवाळही फार काळ काम करत नाही. म्हणजे ज्या ज्ञानाची किंमत आपण ऐंशी वर्षे चुकती केली नाही, त्याचे घरच उद्या आक्रसत जाईल.

त्या दिवशी निघताना मी त्या शेतकऱ्याला सांगितले होते की ही काई फेकू नका, हीच खत आहे. तो हसला आणि त्याने मला विचारले, “तो फिर सरकार यूरिया क्यों देती है?” मी काहीतरी उत्तर दिले. तो मान डोलावून पुन्हा कामाला लागला आणि त्याने पुढचा तवंग बांधावर टाकला. त्याचा प्रश्न मी जपून ठेवला आहे. प्रशासनात अजून काही वर्षे उरली आहेत. त्या अवधीत कोणत्या तरी टिपणीत तो नीट मांडता आला, तर त्या जुन्या सहीचे थोडे परिमार्जन होईल.